सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्याचे स्मरण कसे करावे

शल्यविशारदाने वाचवलेला रुग्ण त्याच्या शोकसभेत उभा राहून चार शब्द बोलू शकतो; परंतु ज्याच्या वस्तीपर्यंत साथ पोहोचलीच नाही, त्या माणसाला आपण कशातून वाचलो याची कल्पनाही नसते. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात उभे आयुष्य घालवलेल्या अधिकाऱ्याविषयी लिहिताना किंवा बोलताना हीच खरी अडचण असते. त्यांचे यश न घडलेल्या गोष्टींत दडलेले असते, आणि ते शोधून दाखवण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, तर मृत्युलेख ‘कर्तव्यदक्ष’, ‘शिस्तप्रिय’, ‘मनमिळाऊ’ अशा कोणालाही लावता येतील अशा विशेषणांवर संपतो. म्हणून पुढील सूचनांमध्ये समारंभापेक्षा शोधाला अधिक जागा दिली आहे.

सर्वप्रथम कुटुंबीयांशी बोलावे. कोणती माहिती जाहीर करायची, छायाचित्र कोणते वापरायचे, आजाराचा आणि मृत्यूच्या कारणाचा उल्लेख करायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, आणि मृत व्यक्ती आरोग्य खात्यात होती म्हणून तो कमी होत नाही. नाव, जन्मतारीख, पदव्या आणि पदांचा क्रम कागदपत्रांवरून ताडून घ्यावा. घाईत छापलेली चूक पुढे प्रत्येक लेखात उतरत जाते.

त्यानंतर कागदपत्रांकडे वळावे. वार्षिक अहवाल, परिपत्रके, साथीच्या तपासाचे अहवाल, दौऱ्यांच्या दैनंदिनी, प्रशिक्षणासाठी तयार केलेली टिपणे, यांत माणूस अनपेक्षितपणे स्पष्ट दिसतो. समजा, लसींच्या साठवणुकीबाबतच्या एखाद्या परिपत्रकाचा कच्चा मसुदा हाती लागला आणि त्यात ‘सर्व केंद्रांनी योग्य ती खबरदारी घ्यावी’ हे वाक्य खोडून तेथे स्वतःच्या हाताने ‘शीतकपाटाचे तापमान सकाळी व सायंकाळी नोंदवावे आणि ते २ ते ८ अंश सेल्सिअसच्या बाहेर गेल्यास त्याच दिवशी कळवावे’ असे लिहिलेले आढळले, तर त्या एका दुरुस्तीतून त्या अधिकाऱ्याची कामाची सारी पद्धत वाचकाला कळते. सकाळ-सायंकाळच्या त्या नोंदीवर असंख्य बालकांना टोचल्या जाणाऱ्या लसीचा गुण अवलंबून असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि ‘योग्य ती खबरदारी’ या शब्दांनी शीतकपाट थंड राहत नाही, हेही. असा मसुदा सापडल्यास त्याची प्रत जपून ठेवावी आणि लेखात तो शब्दशः उद्धृत करावा.

मात्र याच कागदांमध्ये रुग्णांच्या याद्या असतात, त्यांत नावे, पत्ते आणि निदान लिहिलेले असते. ती माहिती कितीही जुनी असली तरी तिला बाहेर वाट देऊ नये. ज्यांनी आयुष्यभर रुग्णांची गोपनीयता सांभाळली, त्यांच्या स्मरणार्थ ती मोडणे हा त्यांचा अवमान ठरेल. शासकीय कागदपत्रांच्या वापरासाठी संबंधित कार्यालयाची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

माणसांशी बोलताना केवळ वरिष्ठांवर विसंबू नये. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, आकडेवारी भरणारा कारकून, दौऱ्यावरील वाहनाचा चालक यांनी त्या अधिकाऱ्याला थकलेले, चिडलेले आणि निर्णयासमोर अडखळलेले पाहिलेले असते. ‘ते कसे होते?’ असे विचारले की उत्तरादाखल पुन्हा विशेषणेच येतात. त्याऐवजी त्यांनी कोणते काम पुन्हा करायला लावले, कोणत्या निर्णयावरून वाद झाला, वरून दबाव आला तेव्हा ते काय म्हणाले, आकडे वाईट आले की ते कोणाला आधी कळवत, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तारखेसह लिहून घ्यावीत. दोन आठवणी परस्परविरोधी निघाल्या तर कागदपत्रांचा आधार शोधावा. आधार न मिळाल्यास तो प्रसंग वगळावा.

प्रत्यक्ष लिहिताना संपूर्ण कारकीर्द सांगण्याचा मोह आवरावा आणि एक-दोन निर्णय निवडून ते नीट उलगडावेत. त्या वेळी काय माहीत होते, काय माहीत नव्हते, चूक झाली असती तर काय गमवावे लागले असते आणि तरीही काय ठरवले, या चार गोष्टी वाचकाला कळल्या पाहिजेत. कार्लो उर्बानी यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे हे डॉक्टर २००३ मध्ये व्हिएतनाममध्ये कार्यरत असताना हनोई येथील एका रुग्णालयातील विचित्र न्यूमोनिया पाहून त्यांनी हा नेहमीचा आजार नाही हे ओळखले, संघटनेला सावध केले आणि रुग्णांचे विलगीकरण करण्याचा आग्रह धरला. त्याच आजाराने, म्हणजे सार्सने, २९ मार्च २००३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. आणि एप्रिल संपण्यापूर्वी व्हिएतनाम हा सार्सची साथ आटोक्यात आणणारा पहिला देश ठरला. त्यांच्या धैर्याची ग्वाही एकाही विशेषणाविना हा घटनाक्रम देतो. अर्थात प्रत्येक कारकिर्दीत असा प्रसंग नसतो, आणि तो ओढूनताणून निर्माण करू नये. तीस वर्षे पाण्याचे नमुने वेळेवर तपासून घेणे हेही पुरेसे मोठे काम आहे. ते तसेच, कृतीच्या तपशिलासह सांगावे.

‘लाखो प्राण वाचवले’ असे विधान करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. तो आकडा कोणी, कोणत्या पद्धतीने काढला हे सांगता येत नसेल तर तो लिहू नये. श्रेयाचेही तसेच आहे. देवी रोगाचे नैसर्गिक संसर्गातून आलेले शेवटचे प्रकरण १९७७ मध्ये सोमालियात आढळले आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्या मोहिमेची जागतिक धुरा डोनाल्ड हेंडरसन यांनी दीर्घकाळ वाहिली, तरी घरोघरी जाऊन रुग्ण शोधणाऱ्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना दुशाखी सुईने लस टोचणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांशिवाय ती पूर्ण होणे शक्य नव्हते. ज्यांचे स्मरण करायचे त्यांनी कोणाला हाताशी धरले, कोणाला घडवले, हे नावानिशी लिहिल्याने, अर्थातच त्या सहकाऱ्यांच्या संमतीने, त्यांचे मोठेपण उणावत नाही.

वादग्रस्त प्रसंगांचे काय करावे, हा प्रश्न हमखास येतो. माझ्या मते ते दडपू नयेत. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांची निर्दोषता मान्य होईपर्यंत १९०७ साल उजाडले, आणि १९२५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. मुलकोवाल वगळून त्यांचे चरित्र सांगितले तर त्यांनी काय सोसले हेही वगळले जाते आणि त्या १९ जणांनाही विसरले जाते. जेथे अधिकाऱ्याची खरोखर चूक होती, तेथे ती संयत शब्दांत सांगून त्यानंतर कोणती सुधारणा झाली, हे लिहावे. कुटुंबीयांना मात्र तो भाग प्रसिद्धीपूर्वी दाखवावा.

शोकसभेचे नियोजन तुलनेने सोपे आहे. वक्ते मोजके ठेवावेत, प्रत्येकाला वेगळा प्रसंग वाटून द्यावा आणि क्षेत्रीय कर्मचाऱ्यांपैकी निदान एकाला मान्यवरांच्या आधी बोलू द्यावे.

कायमस्वरूपी स्मारकाचा विचार करताना वास्तूला नाव देणे हा पहिला पर्याय सुचतो, आणि तो कामाशी जोडलेला असेल तर शोभूनही दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक ली जोंग-वूक यांचे पदावर असतानाच मे २००६ मध्ये निधन झाले, तेव्हा साथींच्या आणीबाणीत जेथून सूत्रे हलवली जातात त्या जिनिव्हा येथील केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. अशी संधी नसेल तर शिष्यवृत्ती, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी पुरस्कार किंवा त्यांनी अर्धवट सोडलेल्या सर्वेक्षणाची पूर्तता यांपैकी एकच उपक्रम निवडावा. पुरस्कार जाहीर करण्यापूर्वी त्याची रक्कम दरवर्षी मुद्दलाच्या व्याजातून निघेल का, निवड कोण करील आणि आजचे संयोजक निवृत्त झाल्यावर जबाबदारी कोणाकडे जाईल, हे लेखी ठरवावे. दोन वर्षांत बंद पडलेला पुरस्कार कुटुंबाला नव्याने दुःख देतो.

या कामात जमलेली कागदपत्रे, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे कोणाच्या तरी कपाटात पडून राहू देऊ नयेत. प्रत्येक छायाचित्रामागे त्यातील व्यक्तींची नावे, स्थळ आणि वर्ष लिहावे, रुग्णांची ओळख उघड होईल असे कागद वेगळे काढून मूळ कार्यालयाकडे परत करावेत, आणि उरलेल्या साहित्याचा एक संच कुटुंबाला व दुसरा सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या ग्रंथालयाला, सूचीसह आणि लेखी पोचपावती घेऊन, सुपूर्द करावा.