गोष्टीतली मनी आणि घरातली मनी: लहान पोरं असलेल्या घरात मांजर आणताना

ज्या घरात पोरं गोष्टी ऐकत मोठी होतायत तिथे मांजर यायच्या आधीच मांजराबद्दल सगळं ठरून गेलेलं असतं. ते दूध पितं, लोकरीच्या गुंड्याशी खेळतं, उंदीर पकडतं आणि मिठी मारली की घुरघुरतं. मग खरं पिल्लू घरी येतं ते थेट पलंगाखाली जाऊन बसतं, दोन दोन दिवस बाहेर येत नाही, पोरगं हिरमुसतं, हात घालून ओढायला जातं, बोचकारा बसतो आणि आजी म्हणते "सांगितलं होतं मी". हे टाळता येतं. "त्रास देऊ नको" हे वाक्य पोरांना ऐकूच येत नाही असं माझं मत आहे, पण त्यांच्याच गोष्टीतून नियम काढला तर तो ती स्वतः पाळतात आणि वर आपल्यालाही पाळायला लावतात. काही गोष्टी आहेत तशा कामाला येतात, काहींना दुरुस्ती लागते, एकदोन तर सरळ खोट्या आहेत असं सांगून टाकायचं.

सात घरं फिरणारी मांजरी

सुरुवात इथून, कारण बहुतेक घरात मांजर विकत येत नाही, जिन्याखालून येतं. मांजरी पिल्लं घालते आणि सोसायटीतली पोरं तिसऱ्याच दिवशी एक उचलायला निघतात. थांबवा त्यांना. पिल्लाचे डोळे उघडायलाच एक-दोन आठवडे लागतात आणि निदान ८ आठवडे ते आईजवळच राहायला हवं, १२ राहिलं तर फारच छान. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं हे पिल्लू भावंडांशी मारामारी करूनच शिकतं, फार लवकर उचललेलं पिल्लू मग ते शिक्षण तुमच्या पोराच्या बोटांवर पूर्ण करतं. पण २ ते ७ आठवड्यांच्या काळात माणसांची सवय झाली तर ते माणसाळतं, म्हणून आई मांजरी फिस्कारत नसेल तर रोज थोडा वेळ जवळ शांत बसायचं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं आपण म्हणतो ना, ते पोरांना इथे सांगायचं: जागा धोक्याची वाटली की ती मानेला धरून एकेक पिल्लू हलवते, तुम्ही जास्त गर्दी केली तर उद्या इथे कोणी नसेल. पोरं लगेच कुजबुजत बोलायला लागतात.

घरी आलं की आधी एकच खोली द्यायची, सगळं घर नाही. खोका आडवा ठेवायचा, त्यात तुमचा वापरलेला टीशर्ट. आल्या आठवड्यात व्हेटकडे, जंताचं औषध, आणि ६ ते ८ आठवड्यांपासून ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र) लस, तिचे बूस्टर, मग १२ आठवड्यांनंतर रेबीजची. नसबंदी पाच-सहा महिन्यांची झाली की करून टाका, "एकदा पिल्लं होऊ देत मग बघू" म्हणणाऱ्यांना ती सगळी पिल्लं सांभाळायला घ्यायची तयारी आहे का ते विचारा.

दुधाची वाटी

ही खोटी गोष्ट. दूध मांजराला आवडतं, पण आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवायची ताकद बहुतेक मांजरांत कमी होत जाते, आणि गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. लहान पिल्लाला तर ते धोक्याचंच, कारण जुलाबाने पिल्लू पटकन कोरडं पडतं. आईविना पिल्लू सापडलं तर पिल्लांसाठीची वेगळी दूध पावडर मिळते, ती आणा. पोराला सांगायचं की गोष्ट लिहिणाऱ्यांनी मांजराला पिताना पाहिलं, नंतर लिटर बॉक्स, म्हणजे त्याची शी-शूची पेटी, कोणी साफ केला ते नाही पाहिलं. हा विनोद चार वर्षांच्या पोरांना भयंकर आवडतो.

दूध-पोळी आणि दूध-भातावर मांजर जगतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं लांबून सांगते. मांजराला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच मिळवावा लागतो, शरीरात पुरेसा तयार होत नाही, आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू कमजोर पडतो, हा हृदयाचा संबंध १९८७ मध्ये संशोधनातून पुढे आला आणि त्यानंतर कंपन्यांनी कॅट फूडमध्ये टॉरिन वाढवलं. म्हणजे घर माळकरी असलं तरी मांजर माळकरी होत नाही. स्वयंपाकघरात काही शिजवायचं नसेल तर चांगलं कॅट फूड बाहेरच्या बाहेर वाटीत ओता, झालं. घरात मासे होत असतील तर मीठ-मसाल्याआधी एक तुकडा बाजूला काढून उकडायचा, काटे काढायचे, पण नुसत्या माशावर ठेवू नका. कांदा-लसूण पडलेला रस्सा अजिबात नाही, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. चॉकलेट, मनुका, द्राक्षंही नाहीत. आणि गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही, चवीचा तो जीनच बंद पडलेला आहे. त्यामुळे मनी श्रीखंडावर तोंड मारते ती साखरेसाठी नाही, चक्क्यातल्या स्निग्धासाठी. ही माहिती पोरं शाळेत जाऊन सगळ्यांना सांगतात.

पाण्याची वाटी मात्र पोराचं काम. तीन वर्षांचं पोरगंसुद्धा रोज सकाळी पाणी बदलू शकतं, सांडेल, सांडू दे. खाण्याच्या वाटीपासून ती जरा लांब ठेवा, बऱ्याच मांजरांना तसं आवडतं.

लोकरीचा गुंडा

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सगळ्यात गोड दिसणारं चित्र हेच आणि सगळ्यात वाईटही हेच. मांजराची जीभ खरखरीत असते, तिचे काटे आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, आतच जातो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं आणि दुसरं आतड्यात सरकत राहतं, आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं, मग ऑपरेशन. लोकर, शिवणाचा दोरा, राखीचा गोंडा, संक्रांतीनंतर बाल्कनीत अडकलेला मांजा, सगळं उचलून ठेवायचं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापून आत ढकलायचाही नाही, तसंच व्हेटकडे न्यायचं. हा नियम घरातल्या मोठ्यांना जास्त सांगावा लागतो कारण ओढायची घाई त्यांनाच असते.

खेळायला काय मग? कागदाचा बोळा, पुठ्ठ्याचा खोका, काठीला बांधलेलं फडकं. काठी लांब हवी, हाताने खेळवायचं नाही, आणि खेळ झाला की काठी कपाटात. खेळाच्या शेवटी एकदा तरी मनीला पकडू द्या आणि लगेच खायला द्या, कारण शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप हा तिचा क्रम आहे. रात्री झोपायच्या आधी असं केलं तर पहाटे चार वाजता तोंडावर नाचणं बरंच कमी होतं.

वाघाची मावशी

ही गोष्ट सोन्यासारखी आहे, जशीच्या तशी वापरा. मावशीने वाघाला सगळं शिकवलं, मग तो तिच्यावरच धावून गेला, ती झाडावर चढली, वाघ खाली बसून म्हणाला हे नाही शिकवलंस, ती म्हणाली म्हणूनच नाही शिकवलं. आता घरचा नियम: मनी वर चढली की ती झाडावर आहे, आणि तुम्ही वाघ आहात. वाघाने खालीच थांबायचं. स्टूल आणायचं नाही, शेपूट ओढायची नाही, बोलवायचंही नाही. यासाठी घरात खरंच एक उंच जागा लागते, कपाटावर जुनी चादर घडी करून किंवा भिंतीला फळी ठोकून, जिथे पोराचा हात पोचत नाही. माझ्या मते लहान पोरं असलेल्या घरात लिटर बॉक्सनंतर सगळ्यात गरजेची वस्तू ही फळीच. पळायला जागा असलेलं मांजर बोचकारत नाही, कोपऱ्यात अडकलेलं बोचकारतं.

उंचीवरून आठवलं, फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी, मग मांजर. मांजर चार पायांवर पडतं ही गोष्ट अर्धी खरी आहे, ते हवेत वळतं खरं, पण जबडा, छाती, पाय मोडतातच. कबुतराच्या मागे उडी मारताना ते मजला मोजत नाही.

डोळे मिटलेलं मांजर

पंचतंत्रातला दधिकर्ण आठवतो? तपस्वी होऊन बसलेला, भांडण सोडवायला आलेल्या ससा आणि कपिंजल पक्ष्याला "कमी ऐकू येतं, जवळ या" म्हणणारा. महाबलीपुरमला सातव्या शतकातल्या त्या मोठ्या शिल्पपटात असंच एक ढोंगी मांजर आहे, मागच्या पायांवर उभं राहून हात वर करून तप करतंय आणि आजूबाजूला उंदीर. फोटो काढून पोरांना शोधायला लावा, हत्तींच्या जवळच आहे ते. त्यामुळे डोळे मिटलेलं मांजर लबाड असं पोरांच्या डोक्यात बसतं, "मांजर डोळे मिटून दूध पितं" आहेच वर. खरं उलट आहे. तुमच्याकडे बघत मनीने डोळे हळूच मिटले आणि उघडले तर ती निवांत आहे, तुमची भीती नाही. तुम्हीही तसंच करायचं, टक लावून बघायचं नाही. पोरांना हा खेळ लावून द्या, शांत बसायला लागतं हा तुमचा फायदा.

बाकीची भाषा पटकन: शेपूट सरळ वर म्हणजे ये. शेपूट आपटायला लागली तर आत्ता थांबा, कुत्र्यासारखी ती खुशीत हलवत नाही. कान मागे चपटे झाले म्हणजे उशीर झालाय, हात काढा. पोट दाखवून लोळली म्हणजे विश्वास आहे, पोटाला हात लावायचं आमंत्रण नाही. हात लावायचा तो गालाला, हनुवटीखाली, दोन कानांच्या मधे डोक्यावर. घुरघुर बहुतेक वेळा सुखाची, पण दुखत असतानाही मांजर घुरघुरतं, तेव्हा खाणं बंद आणि कोपऱ्यात बसून घुरघुर असेल तर गोड समजू नका. पाच वर्षांखालच्या पोराला आणि मांजराला एकटं सोडायचं नाही, दोघं कितीही गुणी असले तरी.

आणि गळ्यातली घंटा राहू दे, उंदरांची सभा बरखास्त. पट्टा घालायचाच तर अडकला की आपोआप सुटणारा घ्या.

ज्याची गोष्ट नाही अशा चार गोष्टी

बोचकारा किंवा चावा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, आणि डॉक्टरकडे जायचं. रेबीज मांजरामुळेही होऊ शकतो. आपलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, ताप आलाय वाटून द्यायची नाही. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावायचं नाही. फिनाईलने फरशी पुसली तर पूर्ण वाळेपर्यंत दार बंद, कारण ती पंजे चाटते. वाढदिवसाच्या बुकेत लिली असेल तर बुके शेजाऱ्यांना द्या, लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते.

घरात बाळ येणार असेल तर मांजर सोडून या असं चार लोक सांगतीलच. टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या जंतूची भीती खोटी नाही, पण तो शीमधून पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक दिवस तरी लागतो, म्हणून लिटर रोजच्या रोज आई होणारीने नाही, दुसऱ्या कोणीतरी साफ करायचं, आणि कच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या यांच्याकडेही तेवढंच लक्ष द्यायचं. ज्या षष्ठीदेवीकडे बाळाचं रक्षण मागतात तिचं वाहनच मांजर आहे, हे सासूबाईंना सांगून बघा, माझ्या ओळखीत एका घरी हा मुद्दा चाललाय.

तुमच्या मनीची गोष्ट

आता मजेचा भाग. विकतची पुस्तकं वाचाच, पण रात्रीची एक गोष्ट घरच्या मांजराची असू दे. पद्धत सोपी आहे: दिवसभरात मनीने केलेली एक खरी गोष्ट पोराने शोधून आणायची, आणि तिचं कारण रात्री तुम्ही दोघांनी रचायचं. "आज मनी अर्धा तास भिंतीकडे बघत होती." का बरं? आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तिला ६० हजारांच्याही पुढचा, उंदराच्या पिल्लांची बोलणी तिच्या कानावर पडतात. मग भिंतीत कोण राहतं, काय बोलत होते, लग्न होतं का त्यांच्यात? इथून पोरगं स्वतःच सुटतं.

माझी एकच अट, मनीने गोष्टीतही मांजरासारखंच वागायचं. ती बोलेल, पोस्टात नोकरी करेल, पण दिवसातले बारा-चौदा तास झोपेल, अंघोळीला नाही म्हणेल, बोलावल्यावर येणार नाही. तात्पर्य काढू नका. पोरांना वास येतो तात्पर्याचा, आणि "म्हणून मनीने भाजी खाल्ली" असं म्हणालात तर गोष्ट तिथेच संपली समजा.

एक दिवस मनी खरी पाल किंवा चिमणी तोंडात धरून हॉलमध्ये आणेल, बहुधा पाहुणे असताना. ओरडू नका, मारू नका, तिला त्यातून काही कळत नाही. पोराला सांगा की तिचं पोट भरलेलं असलं तरी शिकारीची ओढ वेगळी असते. चिमणी जिवंत असेल तर खोक्यात ठेवून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे द्या, मांजराच्या दातांनी झालेली जखम लहान दिसते पण चिघळते.

आणि मांजर मेलं तर पोराला "मेली" हाच शब्द सांगा. "झोपली" म्हणालात तर ते झोपायला घाबरेल, "गावाला गेली" म्हणालात तर महिनाभर दाराशी वाट बघेल. शेवटच्या वेळी बघायचं का हे त्याला विचारा, जबरदस्ती दोन्हीकडून नको. त्या आठवड्यात रात्री त्याने गोष्ट मागितली तर मनीचीच सांगा, रडलं तर रडू दे, फक्त ती परत आली असा शेवट करू नका. नवीन पिल्लाची घाई नको, आणि हे आजोबांना आधीच सांगून ठेवा, कारण ते परस्पर जाऊन पिशवीतून एक घेऊन येतात.