नळाच्या पाण्याला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

मुलीच्या शाळेच्या स्टीलच्या बाटलीला कुबट वास यायला लागला, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच ठरवलं: पाणी खराब येतंय. आठवडाभर विकतचा जार आणला. मग एके दिवशी झाकण घासताना आतला रबरी वायसर सेफ्टी पिनेनं उचकटून काढला, तर खाली काळा, बुळबुळीत थर. बाटली रोज धुतली जात होती, पण वायसर वर्षभरात एकदाही निघाला नव्हता.

बऱ्याच घरांत असंच होतं. दोष झाकणात, टाकीत किंवा माठात असतो आणि बोल नळाला लागतो.

म्हणून वायसर दर आठवड्याला काढून जुन्या टूथब्रशने घासा. वास राहिलाच तर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून बाटली रात्रभर भरून ठेवा. धुतलेली बाटली झाकण लावून ठेवू नका. ती उपडी आणि झाकण वेगळं, असंच वाळू द्या. तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत किंवा ताक नको, आंबटामुळे तांबं पाण्यात उतरतं. प्रवासात घेतलेली विकतची बाटली महिनोन्‌महिने भरत राहणंही चूकच. तिच्या अरुंद तोंडातून ब्रश जात नाही.

पाणी दुधासारखं पांढरं आलं की लोक घाबरून ओतून देतात. ग्लासात भरून मिनिटभर थांबा. तळापासून वर निवळत गेलं तर ती फक्त हवा आहे. क्लोरीनचा हलका वास ही तर चांगली खूण. आपल्या मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं, वाटेत शिरणाऱ्या जंतूंसाठी. पातेल्यावर पातळ फडका टाकून तासभर ठेवलं की वास बराच उतरतो.

गढूळ पाणी किंवा गटाराचा वास मात्र वेगळी गोष्ट. ते पिऊ नका. शेजारच्या इमारतीत विचारा. तिथेही तसंच असेल तर वॉर्ड ऑफिसला लगेच तक्रार करा. फक्त आपल्याकडेच असेल तर गच्चीवर जाऊन टाकी बघा. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसातून येतं, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं, आणि शेवटी सोसायटीच्या फुटक्या झाकणाच्या टाकीत पडतं, याचं मला फार वाईट वाटतं. टाकी वर्षातून दोनदा धुवून घ्या आणि तारीख नोटीस बोर्डवर लावायला लावा.

जार म्हणजे शुद्ध, हाही गैरसमज. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही खासगी आरओ (पडद्यातून पाणी गाळणाऱ्या) प्रकल्पांचं पाणीही पिण्यास अयोग्य निघालं. ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ लिहिलेलं पाणी झऱ्याचंच असतं असंही नाही; ते बोअरचं किंवा पालिकेचं, प्रक्रिया केलेलं असू शकतं.

शंका असेल, विशेषतः पावसाळ्यात, तेव्हा पाणी खळखळून उकळा आणि पुढे पूर्ण एक मिनिट उकळू द्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळलेलं पाणी माठात ओतून त्यात हात बुडवून पेला भरला की मेहनत पाण्यात, ओगराळं वापरा.

घरी आरओ घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. धरणाचं पाणी सहसा त्याच्या बरंच खाली असतं, मग आरओ कशाला? उगाच लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. बोअर किंवा टँकरचं असेल तर प्रयोगशाळेत तपासून मगच ठरवा.

आणि बाटली घेताना मोठी घेऊ नका. दोन लिटरची जड होते म्हणून घरीच राहते आणि स्टेशनवर पुन्हा विकतची घ्यावी लागते. पाऊण लिटरची घ्या, रुंद तोंडाची, आणि सकाळी भरून चपलांच्या रॅकवर ठेवा.