मोठ्या एलईडी स्क्रीनला वीज किती, एसी किती: हिशोब कसा मांडायचा

मोठी एलईडी स्क्रीन घ्यायची ठरली की आधी चर्चा होते पिच (दोन एलईडी ठिपक्यांमधलं अंतर) किती, साइझ किती, भाव किती याची, आणि वीज किती खाणार हे सगळ्यात शेवटी निघतं, तेही इलेक्ट्रिशियनने विचारलं म्हणून. मग कोणीतरी डेटाशीट उघडतं, तिथे दोन आकडे असतात, मॅक्स आणि ॲव्हरेज, आणि ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो. विकणारा ॲव्हरेज सांगतो कारण तो लहान दिसतो, इलेक्ट्रिशियन मॅक्स धरतो कारण त्याला रात्री-अपरात्री फोन नको असतो, आणि एसीवाल्याला कोणी काही सांगतच नाही. खरं तर दोन्ही आकडे लागतात, फक्त वेगवेगळ्या कामांना. वायर, एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा ब्रेकर), जनरेटर हे मॅक्सवर काढायचं. एसी, पंखे आणि महिन्याचं बिल हे प्रत्यक्षात जेवढा लोड तासन्‌तास चालणार आहे त्यावर. यात अदलाबदल केली की एकतर स्क्रीन मधेच जाते नाहीतर गरजेच्या दुप्पट-तिप्पट एसी गळ्यात पडतो.

मॅक्स म्हणजे पूर्ण स्क्रीन पांढरी, ब्राइटनेस शंभर टक्के. ॲव्हरेज म्हणजे साधारण व्हिडिओ चालू असताना, आणि कंपन्या तो बहुतेकदा मॅक्सच्या तिसऱ्या हिश्शाएवढा लिहितात. आता लोक म्हणतात पूर्ण पांढरी स्क्रीन कोण लावतं? लावतात हो. मी सुरुवातीच्या काळात एकदा ॲव्हरेजवर लाइन काढून मोकळा झालो होतो, दोन दिवस रिहर्सल झकास झाली कारण सगळे व्हिडिओ काळपट बॅकग्राउंडचे होते, आणि मेन कार्यक्रमात शेवटची स्लाइड आली पांढऱ्यावर छोटासा लोगो, ती तशीच ठेवून भाषण सुरू झालं आणि पाचेक मिनिटांनी अर्धी स्क्रीन काळी. एमसीबी थोड्या ओव्हरलोडला लगेच पडत नाही, आतली पट्टी तापत तापत पडते, त्यामुळे टेस्टिंगला दोन मिनिटं व्हाइट लावून "चालतंय की" म्हणणं यालाही फारसा अर्थ नाही.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच ओढू. स्क्रीन ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे १८ चौरस मीटर. कॅबिनेट, म्हणजे जोडून स्क्रीन बनते ती एकेक चौकोनी पेटी, ५०० बाय ५०० मिलिमीटरची, एका चौरस मीटरला चार, एकूण ७२. डेटाशीटवर समजा एका कॅबिनेटला मॅक्स १५० वॅट आणि ॲव्हरेज ५० वॅट लिहिलंय. तर मॅक्स झालं १०.८ किलोवॅट आणि ॲव्हरेज ३.६ किलोवॅट. तुमच्या पॅनलचा आकडा वेगळा असणार, आउटडोअरचा बराच जास्त असू शकतो, पण पद्धत हीच. आणि आकडा चौरस मीटरला आहे का कॅबिनेटला ते नीट बघा, यात चौपट फरक पडतो आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या लोकांना करताना बघितलंय.

किलोवॅटवरून अँपिअर काढताना पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा हिस्सा) विसरू नका. कॅबिनेटमधला सप्लाय, म्हणजे मेनची वीज एलईडीला लागते तशी करून देणारा एसएमपीएस, चांगला आणि पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेला असेल तर तो ०.९५ च्या आसपास असतो, स्वस्त एसएमपीएसचा ०.६ पर्यंत खाली जातो, आणि तेवढ्याच वॅटला करंट दीडपट होतो. सिंगल फेज २३० व्होल्टवर आपली स्क्रीन १०८०० भागिले २३० भागिले ०.९५, म्हणजे ४९ अँपिअरच्या वर. एवढं सिंगल फेजवर कोणी घेऊ नये. थ्री फेज ४०० व्होल्टवर १०८०० ला १.७३२ गुणिले ४०० गुणिले ०.९५ ने भागायचं, दर फेजला साधारण १६.४ अँपिअर येतात. यावर २५ टक्के शिल्लक ठेवली की २०.५, म्हणजे २५ चा ब्रेकर बसतो, मी ३२ चा घेतो आणि केबल त्या ३२ ला पुरेल अशीच घेतो, ब्रेकर मोठा आणि केबल बारीक असला प्रकार नको. तुमच्याकडे ११०-१२० व्होल्टची लाइन असेल तर करंट साधारण दुप्पट होणार, त्यामुळे तिथे सप्लाय २०० च्या वरच्या व्होल्टेजवर चालवता येतोय का ते आधी बघा.

फेजमध्ये वाटणी करायची ती कॅबिनेट मोजून, २४-२४-२४. मग चेन. एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात पॉवर लूप करत जायची तर एका लाइनवर किती? १६ अँपिअरची लाइन ८० टक्क्यांपर्यंत वापरायची म्हटलं तर १२.८ अँपिअर, म्हणजे साधारण २८०० वॅट, म्हणजे १८ कॅबिनेट. कागदावर बसतात. पण मी १८ लावत नाही, १२ लावतो, एकूण सहा चेन, दर फेजला दोन, एका चेनवर मॅक्सला सव्वाआठ अँपिअरच्या आसपास. याची कारणं दोन आहेत आणि दोन्ही डेटाशीटच्या त्या ठळक आकड्यांत दिसत नाहीत.

पहिलं कारण इनरश. एसएमपीएस थंड असताना चालू केला की आतले कपॅसिटर एकदम करंट ओढतात, एकेका सप्लायच्या कागदावर कोल्ड स्टार्टला ४०-६० अँपिअर लिहिलेलं असतं, काही मिलिसेकंदांपुरतंच, पण बारा-अठरा सप्लाय एकाच क्षणी चालू झाले की बी कर्व्हचा एमसीबी उडालाच म्हणून समजा. बी कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पटीला लगेच तुटतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. स्क्रीनला सी घ्या, अगदीच उडत असेल तर डी, पण डी लावताना लांब केबलच्या टोकाला शॉर्ट झाला तर तेवढा फॉल्ट करंट मिळून तो पडेल ना हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि सगळ्या चेन एकदम चालू करू नका, सिक्वेन्सर (लाइनी एकेक करून चालू करणारं यंत्र) लावा नाहीतर हाताने एकेक एमसीबी वर करा, दोन-तीन सेकंदांच्या अंतराने. लाइट जाऊन परत आली की सगळं एकदम चालू होतं हे डोक्यात ठेवा, त्यासाठी सिक्वेन्सरच बरा.

दुसरं कारण लीकेज. प्रत्येक सप्लायमध्ये नॉइज फिल्टर असतो आणि त्यातून थोडा करंट अर्थिंगला जातो, अर्धा ते दोन मिलिअँप धरा. दीड धरला तर बारा कॅबिनेटचे झाले १८ मिलिअँप. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (अर्थिंगला करंट गळला की लाइन तोडणारा ब्रेकर) १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो. मग काय होतं, कधी चालतं कधी पडतं, आणि मग कोणीतरी हुशार माणूस आरसीसीबी बायपास करतो किंवा अर्थिंगची वायर कापतो. असलं काही करायचं नाही, लोखंडी ट्रसवर माणसं चढतात, तिथे जीव जाईल. लोड जास्त आरसीसीबींवर वाटा, शक्यतो दर चेनला एक, आणि तरी पडत असेल तर त्या आरसीसीबीवरची कॅबिनेट आणखी कमी करा.

न्यूट्रलबद्दल थोडक्यात. पीएफसी नसलेल्या सप्लायचा तिसरा हार्मोनिक (मूळच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट) तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येऊन बेरीज होतो, एकमेकांना कापत नाही, त्यामुळे तिन्ही फेज अगदी सारखे असले तरी न्यूट्रलचा करंट फेजपेक्षा जास्त होऊ शकतो, वाईटात वाईट १.७ पटीपर्यंत. म्हणून न्यूट्रल बारीक घ्यायची नाही, स्वस्त पॅनल असतील तर जाडच घ्या. आणि न्यूट्रल ढिली राहून सुटली तर काही कॅबिनेटना २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्टेज बसू शकतं, म्हणजे सप्लाय खलास. स्क्रू हाताने ओढून बघा, प्रत्येक वेळी.

केबल लांब असेल तर व्होल्टेज ड्रॉप काढा. २.५ स्क्वेअर मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. वीज वाटणारा बोर्ड (डीबी) स्क्रीनपासून ५० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर, म्हणजे ०.७४ ओहम, १२ अँपिअर वाहिला की जवळपास ९ व्होल्ट गेले, २३० च्या चार टक्के. चालतं, पण याच्यावर नको. एसएमपीएसची गंमत अशी की व्होल्टेज कमी झालं की तो करंट वाढवतो, बल्बसारखा मंद होत नाही, त्यामुळे वायर अजून तापते.

जनरेटर घ्यायचा असेल तर १०.८ भागिले ०.९५ म्हणजे ११.४ केव्हीए (जनरेटरची क्षमता यातच मोजतात), जनरेटर ७५ टक्क्यांवर चालवायचा तर १५ च्या वर, शिवाय प्रोसेसर (स्क्रीनला चित्र पाठवणारं मशीन), सर्व्हर, म्हणून २० चा बघा. स्क्रीन काळ्यावरून पांढऱ्यावर आली की लोड एका क्षणात कित्येक पट होतो, लहान जनरेटर त्या धक्क्याला दम टाकतो आणि त्याच्यावरच साउंड असेल तर सगळ्यांना ऐकू येतं. यूपीएस पूर्ण स्क्रीनला लावायची हौस नको, प्रोसेसर आणि प्लेबॅकच्या मशीनला लावा, तेवढं पुरतं.

आता उष्णता. इथे एक गैरसमज पक्का आहे की एलईडी थंड असते. नसते. स्क्रीन जेवढे वॅट ओढते तेवढे सगळे शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येतात, जो प्रकाश बाहेर पडतो तोही भिंतींवर आणि लोकांवर पडून उष्णताच होतो. त्यामुळे गणित सोपं आहे: वॅटला ३.४१२ ने गुणलं की तासाचे बीटीयू, आणि १२००० बीटीयूचा एक टन. मॅक्सवर धरलं तर १०.८ किलोवॅटचे झाले ३६,८५० बीटीयू, तीन टनांपेक्षा जरा जास्त. पण खोली तापायला वेळ लागतो, एका पांढऱ्या स्लाइडने तापत नाही, म्हणून इथे चालू लोड काढायचा.

तो असा. काळी स्क्रीनही काही वॅट खातेच, ड्रायव्हर आयसी (एलईडी चालवणाऱ्या चिप), रिसिव्हिंग कार्ड (कॅबिनेटमध्ये चित्राचा सिग्नल घेणारं), सप्लायचा लॉस, आणि फाइन पिचमध्ये हे जास्त कारण आयसीच ढीगभर असतात. आपल्या उदाहरणात हा बेस १५ टक्के धरू, १.६ किलोवॅट. उरले ९.२. आत वापरायची स्क्रीन कोणी शंभर टक्के ब्राइटनेसला ठेवत नाही, डोळे जातील, समजा ४० टक्के. कंटेंट पांढऱ्या बॅकग्राउंडच्या स्लाइड्स, म्हणजे ७० टक्के पांढरं. ९.२ गुणिले ०.४ गुणिले ०.७ झाले २.६, अधिक बेस १.६, एकूण ४.२ किलोवॅट. म्हणजे सव्वा टनाच्या जरा आत. हा फक्त स्क्रीनचा वाटा, माणसं, लाइट, ऊन यांचा जो काही एसी आधीपासून धरलाय त्याच्या वर. बसलेला माणूस साधारण १०० वॅट सोडतो, तर ही स्क्रीन म्हणजे खोलीत ४२ माणसं जास्त, असं सांगितलं की एसीवाल्याला पटकन कळतं.

कंटेंटचा टक्का डोळ्यांनी ठरवू नका बरं का. डोळ्याला अर्धा राखाडी दिसणारा रंग म्हणजे अर्धी पॉवर नव्हे, गॅमा (सिग्नलला किती उजेड पडणार हे ठरवणारा आकडा) २.२ असेल तर तो जेमतेम २२ टक्के, २.८ असेल तर १४-१५ टक्के. म्हणूनच सिनेमासारखे व्हिडिओ एवढी कमी वीज खातात आणि एक्सेलची शीट एवढी जास्त.

एसीची हवा कुठे जाते तेही बघा. स्क्रीन भिंतीला चिकटून बसवली आणि मागे कोंडलेली जागा असली तर खोलीत कितीही टन लावा, मागची हवा तापतच राहते आणि ती वर चढते म्हणून वरच्या ओळीतली कॅबिनेट आधी त्रास देतात. मागे हवा खालून आत आणि वरून बाहेर जायला वाट हवी. पंख्यांचा हिशोब: वॅटला ३ ने गुणायचं आणि किती डिग्री वाढ चालेल त्याने भागायचं, तासाला घनमीटर मिळतात. सगळी ४.२ किलोवॅट मागेच सुटते असं धरलं आणि १० डिग्री वाढ चालवून घेतली तर १२६० घनमीटर, सुमारे ७४० सीएफएम (मिनिटाला घनफूट). पंख्याच्या डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि फिल्टर लावला की बराच कमी होतो, म्हणून दीडपट घ्या. उंच डोंगराळ ठिकाणी हवा विरळ, १५०० मीटरला साधारण १५ टक्के, तेवढी भर वेगळी.

आउटडोअरला उन्हाचं खातं वेगळं. भर दुपारी एका चौरस मीटरवर १००० वॅटच्या आसपास ऊन पडू शकतं आणि स्क्रीनचं तोंड काळं असतं, ते बहुतेक शोषून घेतं. सूर्य समोर असला की स्क्रीन नेमकी त्याच वेळी फुल ब्राइटनेसला, म्हणजे दोन्ही उष्णता एकदम. इथे मी ॲव्हरेजचा नियम मोडतो, मॅक्सच्या ६०-७० टक्के धरतो आणि वर ऊन. बंद डब्यात पंखे पुरतील का एसी लागेल हे एका गोष्टीवर ठरतं: पंखा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बाहेर ४२ आणि वाढ १० म्हणजे आत ५२, तुमच्या पॅनलची मर्यादा ५० असेल तर विषय संपला, एसी लावा किंवा हवा वाढवून वाढ ५ वर आणा. एसी लावलात तर फार थंड करू नका, दमट हवेत आत पाणी धरतं आणि ते कार्डवर टपकतं.

एवढा खटाटोप का, तर गरम झाली की लाल एलईडी हिरव्या-निळ्यापेक्षा जास्त मंदावते, चेहरे निळसर दिसायला लागतात आणि ऑपरेटर बिचारा कलर सेटिंग्ज खेळत बसतो. आणि सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्री वाढीला साधारण निम्मं होतं.

हिशोब झाला की मोजून बघा. ट्रू आरएमएसचा क्लॅम्प मीटर घ्या, साधा मीटर असल्या वेड्यावाकड्या करंटला कमी दाखवतो. फुल व्हाइट अर्धा तास ठेवा, तिन्ही फेज, न्यूट्रल आणि एकेक चेन मोजा, मग काळी स्क्रीन लावून तेच मोजा म्हणजे तुमचा बेस कळेल, मग रोजचा कंटेंट. वरच्या ओळीच्या मागे साधा थर्मामीटर लटकवा आणि दोन तासांनी बघा. हे सगळे आकडे डीबीच्या दाराच्या आत मार्करने तारखेसकट लिहून ठेवा, सहा महिन्यांनी फिल्टर तुंबून तापमान आठ डिग्रीने वर गेलेलं असेल तेव्हा ते तिथेच सापडतात.