'आठवणे'चं इंग्रजी करताना या चुका टाळा

मराठीत आठवण आपल्याकडे येते. मला आठवतं, तुझी आठवण आली, गाडीत बसल्यावर आठवलं. यात आपण काही करतच नाही. इंग्रजीत मात्र आठवणारा माणूस कर्ता होतो आणि आठवलं कसं, यावर क्रियापद ठरतं. मुंबईतल्या ऑफिसांत मराठीत विचार आणि इंग्रजीत मेसेज हे दिवसभर चालू असतं, त्यामुळे घोळ इथेच होतो.

सर्रास होणारी चूक म्हणजे 'प्लीज रिमेंबर मी टू कॉल हिम.' आठवण दुसरं कोणी करून देणार असेल तर 'रिमाइंड': 'प्लीज रिमाइंड मी टू कॉल हिम.' गंमत अशी, की 'रिमेंबर मी टू युअर मदर' हे शुद्ध इंग्रजी आहे. पण त्याचा अर्थ 'आईला माझा नमस्कार सांग'. कशावरून तरी कोणाची आठवण झाली, तर 'रिमाइंड्स मी ऑफ'. त्यातलं 'ऑफ' गाळू नका.

'आय अॅम नॉट रिमेंबरिंग' हेही सोडा. 'आय डोन्ट रिमेंबर' किंवा 'आय कान्ट रिमेंबर' म्हणा.

आता जरा बारीक फरक. २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि त्या दिवशीचा किस्सा नाही असा मुंबईकर विरळाच. 'आय रिमेंबर वॉकिंग होम' म्हणजे मी चालत घरी गेलो होतो, ते आठवतं. 'आय रिमेंबर्ड टू कॉल होम' म्हणजे घरी फोन करायचा होता, तो विसरलो नाही. पहिल्यात घडून गेलेली गोष्ट आठवते, दुसऱ्यात करायचं काम लक्षात राहतं. त्या दिवशी पाणी नेमकं कुठवर होतं हे डोक्याला ताण देऊन सांगायचं असेल, तर 'रिकॉल' किंवा 'रेकलेक्ट'. 'रेमिनिस' मात्र इथे नको. तो शब्द कॉलेजच्या कट्ट्यावरच्या सुखाच्या गप्पांसाठी ठेवा.

दादरच्या पुलावर कोणी हाक मारली आणि चेहराच ओळखू आला नाही, तर 'आय डिडन्ट रेकग्नाइज यू'. चेहरा ओळखला पण नाव आठवेना, तर 'रिमेंबर' बरोबर. परगावी गेलेल्या मुलाला 'आय अॅम रिमेंबरिंग यू' लिहू नका, 'आय मिस यू' लिहा. कविता 'बायहार्ट केली' हे आपल्यात चालतं, पण मुलाखतीत 'आय लर्न्ड इट बाय हार्ट' किंवा 'मेमराइज्ड' म्हणा.

सगळ्यात महागात पडणारी चूक निरोप समारंभात होते. निवृत्त होणारे साहेब समोर हसत उभे, हातात शाल-श्रीफळ, आणि सन्मानचिन्हावर 'इन मेमरी ऑफ'! हे शब्द दिवंगतांसाठी असतात. हुतात्मा चौकातल्या स्मारकाला ते शोभतील. साहेबांसाठी 'विथ ग्रॅटिट्यूड' पुरे. कोरणावळ देण्याआधी मजकूर कोणाला तरी दाखवाच.

छत्री लोकलमध्ये राहिली, तर 'आय फरगॉट माय अम्ब्रेला इन द ट्रेन' असं ओघात तोंडी येतं. नुसतं 'आय फरगॉट माय अम्ब्रेला' ठीक आहे. पण जागा सांगायची झाली की 'लेफ्ट': 'आय लेफ्ट माय अम्ब्रेला ऑन द ट्रेन.'