रब्बीची पेरणी ठरवण्याआधी गावाचं पाणी मोजा

ऑक्टोबरअखेर विहिरीत डोकावलं की पाणी हाताशी आल्यासारखं दिसतं, आणि त्या भरवशावर गहू, कांदा, उसाचं बेणं सगळं एकदमच ठरतं. फेब्रुवारीत मोटार हवा ओढायला लागली की मग भावकीत पाळीवरून कुरबुर, बांधावर भांडण आणि शेवटी बोअरची गाडी. यातलं बरंचसं टाळता येतं, पण वाटणी पेरणीच्या आधी ठरली तरच. पीक उभं राहिल्यावर कुणीही आपलं पाणी सोडत नाही, आणि त्याने सोडावं अशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही. त्याचं बी-खत जमिनीत गेलेलं असतं.

हा सल्ला मुख्यतः मराठवाडा, नगर, सोलापूर आणि पुण्याचा पूर्व भाग अशा विहीर-बोअरवर बागायत करणाऱ्या गावांसाठी आहे. कालव्याखालच्या शेतकऱ्यांसाठीही मधे थोडं लिहिलं आहे.

आपल्याकडचा काळा कातळ पाणी फार धरत नाही. मुरूम, भेगा आणि सच्छिद्र थर यांतच काय ते साठतं. ढोबळमानाने या खडकाच्या आकारमानाच्या दोनेक टक्केच पाणी उपशाला मिळतं. हिशोब करून बघा. शंभर हेक्टरांवरच्या विहिरींची पातळी सरासरी एक मीटरने उतरली, तर त्यातून निघालेलं पाणी 20 हजार घनमीटर, म्हणजे 20 टीसीएम. एवढ्यात सात-आठ हेक्टर हरभरा निघतो, बाकी काही नाही. आणि हा थर कुणाच्या सातबाऱ्यावर कापलेला नसतो. तुमच्या विहिरीचा झरा शेजाऱ्याच्या बोअरमधून उपसला जातो आणि त्याचा तुमच्याकडून. म्हणून "माझी विहीर, माझं पाणी" हे कागदावर कितीही खरं वाटलं, तरी कातळाखाली ते चालत नाही.

पाऊस बदललाय हे आता कुणाला सांगायला नको. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सीनाकाठी पुराने मातीसकट पिकं खरवडून नेली. एकूण मिलिमीटर सरासरीला टेकले म्हणून पाणी मुरलं असं धरू नका. रात्रीतून दीडशे मिलिमीटर कोसळलेला पाऊस ओढ्याने निघून जातो. म्हणून गावाच्या पाण्याचा ताळेबंद (जमा-खर्च) करताना एका दिवसात 65 मिलिमीटरच्या वर पडलेला पाऊस वेगळा काढा आणि त्यातलं मुरलेलं पाणी कमीच धरा. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडा वापरायला हरकत नाही, पण मंडळ मोठं आणि पाऊस शिवाराशिवारात वेगळा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात एक साधं पर्जन्यमापक हवंच. त्याची वही कोण लिहिणार हे आधी नावानिशी ठरवा, नाहीतर ते यंत्र झेंड्याच्या खांबाशेजारी शोभेला उभं राहतं.

आता प्रत्यक्ष हिशोब. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की 10 घनमीटर, म्हणजे 10 हजार लिटर पाणी होतं. समजा गावाचं शिवार 800 हेक्टर आणि पाऊस 550 मिलिमीटर. एकूण 44 लाख घनमीटर, म्हणजे 4,400 टीसीएम पाणी पडलं. आपल्या खडकात त्यातलं साधारण दहा टक्के मुरतं असं धरू: 440 टीसीएम. नोव्हेंबर ते जून हे आठ महिने दोन हजार माणसांना माणशी 55 लिटरप्रमाणे 26 टीसीएम लागतात. हजार मोठ्या जनावरांना 50 लिटरप्रमाणे 12. राहिले 400. यातला काही भाग खरिपात उपसला गेलेला असतो, काही ओढ्याला पाझरतो, आणि जून कोरडा गेला तर हाताशी काहीतरी लागतं. म्हणून त्यातले शंभर बाजूला ठेवा. रब्बीला उरले 300 टीसीएम.

या 300 मध्ये काय बसतं? हरभऱ्याला हेक्टरी अडीच टीसीएम धरले तर 120 हेक्टर. गव्हाला साडेचार धरले तर 66 हेक्टर. उसाला हेक्टरी 20 ते 25 लागतात, म्हणजे जेमतेम 12 ते 15 हेक्टर, आणि तोही उन्हाळाभर पाणी पीत राहणार. ग्रामसभेत भाषणं करण्यापेक्षा हे तीन आकडे खडूने फळ्यावर लिहा. चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

अटल भूजल योजनेतल्या अनेक गावांत असे ताळेबंद भिंतीवर रंगवले आहेत. काम चांगलं, पण रंगवलेला आकडा पुसत नाही आणि पाऊस दरसाल वेगळा पडतो. दरवर्षी दिवाळीच्या आसपास तो नव्याने मांडला तरच उपयोग. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात हेच होतं. पावसाचा आकडा ग्रामसभेत ठेवून त्यावर पिकं ठरतात, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा नियम आहे आणि ऊस-केळीला मुरड घातलेली आहे. तिथली माती किंवा माणसं जगावेगळी नाहीत. नियम पेरणीआधी होतो आणि सगळ्यांना सारखा लागतो, इतकंच.

आपली विहीर आपण मोजा

गावाचा हिशोब होईल तेव्हा होईल, तुमच्या विहिरीचा आजच होतो. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. एक एकर सारे पाडून दोन इंच भिजवायला लागतात दोन लाख लिटर. म्हणजे एका एकराच्या एका पाळीला विहिरीतलं बावीसेक फूट पाणी. झऱ्याची आवक त्यात भर घालते, पण किती? ते असं बघा. पहाटे मोटार सुरू करण्याआधी दोरीला दगड बांधून पातळी घ्या आणि काठावर रंगाने खूण करा. विहीर तळाला गेली की मोटार बंद करून वेळ लिहा. सहा तासांनी पुन्हा पातळी घ्या. सहा तासांत किती फूट चढलं, गुणिले 8,900. तीच तुमच्या विहिरीची खरी कमाई. मोटारीचा उपसा काढायला दोनशे लिटरचा ड्रम पुरतो. तो 25 सेकंदांत भरला तर तासाला 28 हजार लिटर, म्हणजे एकरभर भिजवायला सात तास. थ्री फेज जेमतेम आठ तास असते हे लक्षात घेतलं की एका विहिरीवर किती एकर पेलतील ते कळतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात घेते. गावानेही याच चार महिन्यांत आपल्या आठ-दहा विहिरी मोजाव्यात: ओढ्याकाठच्या, माळावरच्या, मधल्या. दोन वर्षांची वही झाली की कुठली विहीर आधी आटते ते दिसतं, आणि तिथल्या शेतकऱ्याला गव्हापेक्षा ज्वारी-हरभरा करायला सांगताना हातात पुरावा असतो.

सामाईक विहिरीचं एक वेगळंच दुखणं आहे. सातबाऱ्यावर "सामाईक" लिहिलेलं असतं, पण कुणाचा किती हिस्सा आणि कुणाची कधी पाळी हे वडिलांच्या तोंडी राहतं. वडील गेले की वाद. पाळी दिवसांवर न ठेवता तासांवर ठेवा, कारण दिवसाची वीज आणि रात्रीची वीज सारखी नसते. आठवड्याने वीज दिवसाची रात्रीवर गेली की पाळीही फिरवा. नाहीतर थंडीत बॅटरी घेऊन दारं धरायचं काम कायम एकाच भावाच्या वाट्याला येतं. हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. स्टँप पेपर नसला तरी चालेल, लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि ऑटो स्विच. वीज आली की मोटार आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला, पाणी साऱ्यातून बांधाबाहेर. शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागल्या की रोहित्र जळतं ते वेगळंच. सामाईक विहिरीवर ऑटो काढून टाका. सौर पंपाचंही तसंच. बिल नाही म्हणून सूर्य असेपर्यंत उपसा चालू राहतो. पंप फुकट चालला तरी पाणी फुकट होत नाही.

ठिबकाबद्दल एक कडू गोष्ट. ठिबकाने पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर वाढवले तर विहिरीच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. गावाने ठिबकाला उत्तेजन देताना क्षेत्राची मर्यादाही घालावी. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याबाबत तर माझं मत ठाम आहे: ओढ्याच्या वाहत्या पाण्याने भरत असेल तर उत्तम, पण बोअरने उपसून भरत असाल तर तुम्ही सगळ्यांच्या थरातलं पाणी आपल्या खड्ड्यात आणून उन्हात ठेवत आहात. एप्रिल-मेमध्ये त्यातलं भरपूर वाफ होऊन जातं.

काय पेरावं, कधी भिजवावं

गहू वेळेवर साधायचा असेल तर पंधरा नोव्हेंबरच्या आत. उशिरा पेरलेला गहू मार्चच्या उन्हात सापडतो. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता, आणि दाणा भरण्याच्या वेळी असं ऊन लागलं की पाणी दिलं तरी दाणा बारीकच राहतो. पाण्याची खात्री नसेल तर गहू घरापुरता आणि बाकी हरभरा.

गव्हाला एकच पाणी मिळणार असेल तर ते पेरणीनंतर 42 दिवसांच्या आसपास. दोन मिळणार असतील तर 21 आणि 65 दिवसांनी, तीन असतील तर 21, 42 आणि 65. भारी जमिनीतल्या हरभऱ्याला दोन पाळ्या पुरतात, 30-35 आणि 65-70 दिवसांनी, आणि त्याही हलक्या. भडक पाणी दिलं तर हरभरा उभळतो. या तारखा पाळीच्या कागदावर आधीच टाका. एकाची पेरणी दुसऱ्यापेक्षा आठवडाभराने मागेपुढे ठेवली तर दोघांच्या नाजूक अवस्था एकाच दिवशी येत नाहीत आणि एका विहिरीवर दोघांचं भागतं.

मोसंबी-डाळिंबवाल्यांनी बहार आताच ठरवावा. आंबे बहार धरला की जानेवारीपासून थेट पावसाळ्यापर्यंत पाणी लागणार. विहीर मार्चला तळ गाठते हे माहीत असताना हा बहार धरणं म्हणजे झाडंच पणाला लावणं. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) धरा, आळ्यात पाचट किंवा गवताचं आच्छादन टाका, उन्हाळा झाडं जगवण्यापुरता काढा.

कालव्याखालच्यांनी 15 ऑक्टोबरचा धरणसाठा पाहूनच रब्बीचं क्षेत्र ठरवावं. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही हेही याच तारखेच्या साठ्यावर ठरतं, त्यामुळे नगर-नाशिककडच्यांनी पूर्ण साठा आपलाच असं धरून चालू नये. सात नंबर अर्ज (पाणी मागणीचा) मुदतीत भरा. पाणीवापर संस्था असेल तर 2005 च्या कायद्यानुसार तिला पाणी मोजून मिळतं आणि आत कुठलं पीक घ्यायचं ते शेतकरी ठरवतात. पण वाटप शेपटाकडून सुरू करा. डोक्याकडून सुरू केलं की शेवटच्या शेतकऱ्याला फक्त पाणीपट्टीचं बिल पोहोचतं.

टंचाई वाटून कशी घ्यायची याचा उत्तम नमुना आपल्याच राज्यात आहे. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालत आली. लाभक्षेत्राचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असलं की एखादा फड त्या वर्षी बंद. सगळ्यांचंच थोडं क्षेत्र कोरडं राहतं, कुणा एकाचं सगळं जळत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणसावर ठेवला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस नाही. आज जशीच्या तशी ही रचना कुठे बसेल असं नाही, पण "दर कुटुंबाला पहिल्या दोन एकरांचं पाणी नक्की, त्यापुढचं उरलं तर" एवढा नियम कुठल्याही ग्रामसभेला करता येतो.

या पंधरवड्यात करायचं एक काम राहिलं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना दारं बसवण्याची हीच वेळ, पण परतीचा पाऊस आता रेंगाळतो. सगळी दारं घाईने टाकली आणि वरून लोंढा आला तर बंधाऱ्याची बाजू कापून पाणी शेतात घुसतं. खालची दारं आधी टाका, वरची पुण्याच्या हवामान विभागाने मान्सून परतल्याचं जाहीर केल्यावर. दारांच्या फटींना रबर नसेल तर काळी माती आणि पोती ठासून बसवा, गळका बंधारा डिसेंबरातच रिकामा होतो. लहान ओढ्यांवर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घाला. बंधाऱ्यात थेट मोटारी टाकायच्या की नाहीत, हेही त्याच दिवशी ठरवा. माझ्या मते टाकू नयेत. पाणी मुरू द्यावं आणि ज्याने त्याने आपल्या विहिरीतून घ्यावं.

नवं बोअर घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, आणि 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. ग्रामपंचायतीकडे आणि भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारूनच गाडी बोलवा.

उन्हाळी भुईमूग आणि उन्हाळी बाजरीचा निर्णय आत्ता घेऊ नका. जानेवारीची विहीर-मोजणी झाल्यावर वही घेऊन पुन्हा बसा. पातळी ऑक्टोबरपेक्षा निम्म्याखाली गेली असेल तर उन्हाळी क्षेत्र त्या बैठकीतच बंद करा आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी लागेल तेवढाच मका किंवा कडवळ ठेवा.