नागपुरात ऑफिसचा गाळा घ्यायचाय? आधी खुर्च्या मोजा

समृद्धी महामार्गाचा मोबदला आला तेव्हा आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात कोणी शेत घेतलं, कोणी घर बांधलं. ज्यांच्याकडे उरला, ते माझ्या कृषी केंद्रात येऊन विचारतात, "भाऊ, नागपुरात ऑफिसचा गाळा घेऊ का? मिहानात लय नोकऱ्या येऊन राहिल्या म्हणे."

मिहान म्हणजे नागपूर विमानतळाजवळचा कंपन्यांचा मोठा प्रकल्प. नोकऱ्या येतात, पण कोणत्या ते आधी पाहा. बुटीबोरीच्या कारखान्यात पाचशे पोरं लागली तरी तुमच्या गाळ्याला गिऱ्हाईक येत नाही. मशीनवरच्या, गोदामातल्या, डिलिव्हरीच्या पोराला टेबल लागत नाही. ऑफिसची मागणी वाढते ती बसून काम करणाऱ्यांमुळे. पऱ्हाटीची झाडं मोजून कापसाचा अंदाज लागत नाही, बोंडं मोजावी लागतात, तसंच हे.

पेपरात दर महिन्याला पीएफच्या नव्या सभासदांचा आकडा येतो. एजंट लोक तो हमखास दाखवतात. त्यात 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस' नावाचा गट असतो. नावावरून कोटवाले साहेब वाटतात, पण त्यात माणसं पुरवणारे ठेकेदार अन् सिक्युरिटी एजन्स्या धरलेल्या असतात. शिवाय एखाद्या ठिकाणी 20 माणसं झाली की पीएफ लागू होतो. म्हणजे जुनीच नोकरी त्या महिन्यात नवी म्हणून मोजली जाते.

मिहानचंही तसंच. टीसीएस, इन्फोसिस यांचे तिथे स्वतःचे कॅम्पस आहेत. त्यांनी भरती केली तर फायदा मेसवाल्याचा अन् रूम भाड्याने देणाऱ्याचा. रामदासपेठेतल्या तुमच्या गाळ्याचा नाही. लहान गाळा घेणारा गिऱ्हाईक वेगळा असतो: सीए, क्लासवाला, डॉक्टर, विम्याचं किंवा फायनान्सचं ऑफिस. हे लोक जागा वाढवून राहिले का सोडून राहिले, ते विचारा.

आता खुर्च्यांचा हिशेब. बाजारात अंदाज असा धरतात की रस्ता, मीटिंगची खोली सगळं मिळून एका खुर्चीला साधारण 100 चौरस फूट लागतात. पूर्वी 100 माणसांना 10,000 फूट घेत. 2020 च्या लॉकडाउननंतर घरून काम सुरू झालं, अन् बऱ्याच कंपन्यांत आठवड्याच्या पाच दिवसांतून तीनच दिवस यायचं ठरलं. हिशेबाने 60 खुर्च्या पुरायला पाहिजेत, पण मंगळवार-बुधवारी सगळेच येतात, म्हणून 70 ठेवाव्या लागतात. तरी 3,000 फूट वाचलेच ना! भरती वाढली म्हणून जागाही तेवढीच वाढेल, हे धरून चालू नका.

त्यात उशीरही होतो. कंपनी माणसं घेते तेव्हा आधी रिकाम्या खुर्च्या भरते, नवी जागा नंतर घेते. माणसं कमी केली तरी लॉक-इन, म्हणजे करारात ठरलेली जागा न सोडण्याची मुदत, संपेपर्यंत भाडं भरत राहते. म्हणून आज इमारत भरलेली दिसली तर ती दोन-तीन वर्षांआधीच्या भरतीची असू शकते. पुढचं पाहायचं असेल तर नोकरीच्या जाहिराती वाचा. कामाचं ठिकाण 'नागपूर' लिहिलंय का 'घरून', तेवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

मग स्वतः जा. रविवारी नाही, मंगळवारी अकराच्या सुमारास. एजंटला न सांगता. लिफ्टजवळचा पाट्यांचा बोर्ड वाचा, नंतर वॉचमनला विचारून खाली मीटरच्या खोलीत उतरा. ज्या गाळ्यात एसी, कॉम्प्युटर चालू आहे त्याच्या मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकतो. बंद गाळ्याचा दिवा लुकलुकतच नाही, नाहीतर लय वेळाने एकदा. बोर्डावर चाळीस नावं अन् पंधराच मीटर जागे असतील, तर समजून जा बाप्पा.

भाव कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवरच बोला. बिल्डर 'हमखास भाडं' म्हणत असेल, तर ते भाडेकरू देतो का बिल्डर स्वतःच्या खिशातून, ते विचारा. भाडेकरू असेल तर नोंदणी झालेला करार मागा अन् त्यातलं लॉक-इनचं कलम आधी वाचा.