गौरव, कीर्ती, महिमा, वैभव : हे शब्द लिहिताना या चुका टाळा

निवृत्तीच्या समारंभासाठी लिहिलेले एक मानपत्र मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आले. त्यातली दोन वाक्ये अशी होती : ‘सरांच्या कार्याची महिमा अपरंपार असून त्यांनी अध्यापनाचे नवे किर्तीमान स्थापित केले आहेत. आम्हाला त्यांचा गर्व आहे.’ लिहिणाऱ्याची माया खरी होती. शब्द मात्र तीन ठिकाणी घसरले होते, आणि याच तीन चुका रोज कुठे ना कुठे दिसतात.

सर्वांत जास्त खटकतो तो गर्व. मराठीत गर्व हा दोष आहे. तो माणसाला चढतो आणि ‘गर्वाचे घर खाली’ होते. हिंदीत ‘गर्व है’ असे कौतुकाने म्हणतात, तिथून तो आपल्या लेखणीत शिरला. ज्याच्याबद्दल ऊर भरून येतो, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. ‘मला गौरव वाटतो’ हेही त्याच वाटेने आले आहे. मराठीत गौरव वाटत नाही. गौरव करतात, गौरव होतो. तो दुसऱ्यांनी करायचा असतो.

असे का, ते शब्दाच्या मुळाकडे पाहिले की लक्षात येते. गौरव आला ‘गुरू’पासून, आणि गुरू म्हणजे मुळात जड, वजनदार. गुरुत्वाकर्षणातला गुरू तोच. एखाद्याचा गौरव करतो तेव्हा त्याचे वजन आपण सर्वांसमोर मान्य करतो. गंमत म्हणजे हिब्रू भाषेत याच अर्थाचा ‘कावोद’ हा शब्दही जडपणाच्याच मुळातून आलेला आहे. बायबलचे ग्रीक भाषांतर करताना त्याच्यासाठी ‘डॉक्सा’ हा शब्द घेतला गेला, आणि डॉक्साचा जुना अर्थ होता मत, म्हणजे लोकांना काय वाटते ते. एकीकडे वजन, दुसरीकडे लोकमत! इंग्रजीतल्या ‘ग्लोरी’त या दोन्ही बाजू येतात, म्हणूनच तिला मराठीत एकच ठरीव शब्द शोधणारा अडकतो.

आपल्याकडे लोकमताची बाजू कीर्तीने सांभाळली आहे. कीर्तन आणि कीर्ती एकाच मुळातले. दोन्हींत सांगणे, वर्णन करणे आहे. कीर्ती तोंडातोंडी पसरते, म्हणून ती दूरवर पोचते आणि माणूस गेल्यावरही मागे उरते. प्रसिद्धी तशी नाही. ती एका दिवसात मिळते, विकतही घेता येते आणि वाईट कामानेही होते. ‘घोटाळ्यामुळे त्याला कीर्ती मिळाली’ असे लिहिलेत तर वाचक थबकेल. तिथे ‘तो कुप्रसिद्ध झाला’ एवढे पुरे. वर्षानुवर्षांच्या कामातून जे नाव होते त्याला लौकिक म्हणावे. हा फार चांगला शब्द आपण उगाच विसरत चाललो आहोत. बोलण्यात तर याहून सोपे आहे : मुलीने घराण्याचे नाव काढले.

आता मानपत्रातली ‘महिमा’. मराठीत हा शब्द पुल्लिंगी आहे. नामाचा महिमा, दानाचा महिमा. ‘ची महिमा’ हे हिंदीचे वळण. शिवाय महिमा ही अष्टसिद्धींपैकी एक, हवे तेवढे मोठे होण्याची. शब्दात अशी अलौकिकाची छटा असल्याने तो देव, तीर्थ, नाम यांच्याजवळ शोभतो. शिक्षकाच्या कामाला थोरवी किंवा मोठेपण पुरते.

‘कीर्तिमान’ तर मराठीत विशेषण आहे, अर्थ कीर्ती असलेला. ‘नवा कीर्तिमान रचला’ ही हिंदी बातमीची भाषा. आपण विक्रम करतो किंवा उच्चांक गाठतो.

वैभव आणि ऐश्वर्य डोळ्यांना दिसावे लागते. ‘त्याच्या प्रामाणिकपणाचे वैभव’ म्हणून लिहिणाऱ्याला नक्की काय दाखवायचे आहे तेच कळत नाही. उलट ‘ग्लोरी डेज’चे ‘गौरवाचे दिवस’ करू नका. राज्याचे असतील तर वैभवाचे दिवस, खेळाडूचे असतील तर ऐन भराचा काळ.

यशाकडेही जरा लक्ष हवे. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती. आजच्या मराठीत ते अपयशाच्या उलट. जुन्या ओळीतले ‘यश’ आजच्या अर्थाने वाचले की अर्थच बदलतो. प्रतापाचेही तसेच : राजाचा प्रताप हा पराक्रम, पण ‘चिरंजीवांचे प्रताप’ म्हटले की घरात काहीतरी फुटलेले असते. सत्काराच्या भाषणात हे अनेकवचन टाळाच.

लेखनातल्या चुका थोड्या, पण हटकून होणाऱ्या. ‘की’ दीर्घच : कीर्ती. शेवटचा ‘ती’ही दीर्घ, मात्र समासात तो ऱ्हस्व होतो : कीर्तिस्तंभ. प्रसिद्धी, पण प्रसिद्धिपत्रक. उज्ज्वल लिहिताना दोन ज. उद् आणि ज्वल यांच्या संधीतून तो आलेला आहे.

मानपत्र शेवटी असे झाले : ‘सरांनी आयुष्यभर मन लावून शिकवले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांनी शाळेचे नाव काढले आणि शाळेला लौकिक मिळाला. आम्हाला सरांचा अभिमान वाटतो.’ लिहिणाऱ्याने ते मोठ्याने वाचून पाहिले आणि ‘लौकिक’पाशी त्याचा आवाज जड झाला.